पत्त्याऐवजी नाव

पैसा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवावयाचा म्हटले की दोन प्रश्न उभे राहतात. तो कोणाला द्यावयाचा, हा पहिला; आणि घेणारा तोच आहे हे कशावरून ओळखावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणूस नावाने देतो. दुसऱ्याचे उत्तर केवळ नावाने मिळत नाही. कारण एका नावाची अनेक माणसे असतात, आणि दुसऱ्याचे नाव आपले म्हणून सांगावयास लबाडाला काही खर्च पडत नाही.

आपल्या जुन्या पेढ्यांना हे चांगले ठाऊक होते. हुंडीचे प्रकार पाहिले म्हणजे त्याची साक्ष पटते. धनीजोग हुंडीचा पैसा तिच्या धन्याला मिळे, नामजोग हुंडीचा पैसा तीत ज्याचे नाव लिहिले असेल त्याला मिळे, आणि शाहजोग हुंडीचा पैसा बाजारात पत असलेल्या शहाच्याच हाती पडे. उद्या हुंडी खोटी निघाली तर रक्कम परत मागावयास तो शहा जागेवर सापडत असे. कागदामागे अशी एक ओळखीची असामी उभी असे. पुढे तारा आल्या. तारेचा आकार शब्दांवर पडे आणि पत्त्याचे शब्दही मोजले जात. म्हणून व्यापारी पेढ्या तारखात्याकडे फी भरून एका शब्दाचा संक्षिप्त पत्ता नोंदवीत. तारघरातील नोंदीत त्या शब्दापुढे पेढीचे पूर्ण नाव व ठिकाण लिहिलेले असे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवाच बंद झाली. पण तिने शिकविलेली एक गोष्ट टिकून आहे. लहान नाव चालते, ते त्याच्या मागे कोणीतरी वही राखीत असते म्हणून.

ही वही कोणी राखावयाची, हाच प्रश्न कूटचलनांच्या, म्हणजे ज्यांना क्रिप्टोकरन्सी म्हणतात त्या चलनांच्या इतिहासात नव्याने उभा राहिला. त्या चलनांनी आरंभी नावाला आणि वही राखणाराला, दोघांनाही रजा दिली होती. लांबलचक पत्त्याच्या जागी सुटसुटीत नाव आणण्याचा पुढील सारा खटाटोप म्हणजे त्यांपैकी एकाला परत बोलावून दुसऱ्याला दाराबाहेर ठेवण्याची धडपड होय.

बिटकॉइनची कल्पना ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडली गेली, आणि ३ जानेवारी २००९ या दिवसापासून त्याची खातेवही सुरू झाली. ही खातेवही कोणा एका पेढीच्या कपाटात नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या सारख्या प्रती असतात आणि ती कोणालाही वाचता येते. तीत माणसांची नावे नाहीत. पैसा बाळगणाऱ्या प्रत्येकाजवळ एक गुप्त संख्या असते. तिला खासगी किल्ली म्हणतात. तिच्यापासून गणिताने एक जाहीर किल्ली निघते, आणि त्या जाहीर किल्लीचा जणू अंगठ्याचा ठसा म्हणजे पत्ता. ठशावरून किल्ली काढता येत नाही. परंतु खासगी किल्ली ज्याच्याजवळ आहे, त्यालाच त्या पत्त्यावरील पैसा खर्चिता येतो. पत्ता कोणाचा हे सांगावयास कारकून लागत नाही, साक्षीदार लागत नाही. गणित हेच साक्षीदार.

पण हा ठसा माणसाच्या जिभेसाठी घडविलेला नव्हे. आरंभीचे पत्ते ३४ अक्षरांच्या आसपासचे असत, आणि त्यांत रोमन लिपीतील लहानमोठी अक्षरे व आकडे यांची सरमिसळ असे. रचनाकाराला माणसाच्या डोळ्याची दया आली नव्हती असे नाही. शून्य आणि मोठे ओ, मोठे आय आणि लहान एल ही एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे त्याने वगळली, आणि उरलेल्या ५८ चिन्हांवर काम भागविले. शिवाय पत्त्याच्या शेवटी पडताळ्याचा एक भाग जोडला. एखादे अक्षर चुकले तर पडताळा जुळत नाही व पत्ता नाकारला जातो. केवळ योगायोगाने चूक निसटून जाण्याचा संभव सुमारे ४२९ कोटींत एक इतका अल्प आहे. २०१७ मध्ये पीटर विले व ग्रेग मॅक्सवेल यांनी मांडलेल्या नव्या धाटणीच्या पत्त्यांत तर एकाच आकाराची अक्षरे ठेवण्यात आली, म्हणजे वाचून दाखविणे सोपे व्हावे. सोपे झाले, पण लहान झाले नाही. त्या पत्त्यांची लांबी ४२ किंवा ६२ अक्षरे भरते.

बिटकॉइनच्या पहिल्या आवृत्तीत आणखी एक वाट होती. घेणाऱ्याच्या संगणकाचा महाजालावरील अंक दिला की देणाऱ्याचा संगणक त्याच्याशी परस्पर बोले आणि पैसा कोणत्या किल्लीच्या नावे टाकावयाचा ते विचारून घेई. वाट सोयीची होती. पण वाटेत दबा धरून बसलेल्या तिऱ्हाइताने मधूनच उत्तर दिले, तर ते उत्तर खऱ्या माणसाचे नव्हे हे कळावयास काही साधन नव्हते. ही सोय पुढे काढून टाकण्यात आली. पत्त्याऐवजी सोपी खूण वापरण्याचा हा पहिला प्रयत्न, आणि त्याच्या अपयशाचे कारणही पुढील सर्व प्रयत्नांना पुरून उरणारे होते. खूण सोपी असून भागत नाही. खुणेला मिळणारे उत्तर खरे आहे, याची हमी कोणीतरी घ्यावी लागते.

तेव्हा लांब पत्ताच बरा, असे कोणी म्हणेल. परंतु लांब पत्त्याचा धोका त्याच्या लांबीतच आहे. माणूस तो पुरता वाचीत नाही. पहिली चार अक्षरे पाहतो, शेवटची चार पाहतो, आणि मधल्यांवर विश्वास टाकतो. भामट्यांनी हे हेरले. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या चलनाचा पत्ता सोळा चिन्हांच्या संचातून घेतलेल्या ४० चिन्हांचा असतो. त्यांतील पहिली चार व शेवटची चार चिन्हे जुळतील असा दुसरा पत्ता शोधावयाचा, तर सरासरी सोळाचा आठवा घात इतके प्रयत्न करावे लागतात. ही संख्या पुन्हा तीच, सुमारे ४२९ कोटी. योगायोगाला जी संख्या अशक्यप्राय, तीच यंत्राला किरकोळ. भामटा असा पत्ता तयार करतो आणि त्यावरून सावजाकडे नगण्य रक्कम पाठवितो, म्हणजे तो पत्ता सावजाच्या व्यवहारांच्या यादीत जाऊन बसतो. पुढच्या खेपेस घाईत तोच उतरून घेतला जातो. मे २०२४ मध्ये एकाच व्यवहारात १,१५५ बिटकॉइनांच्या मोलाची, म्हणजे सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरांची रक्कम अशा जुळ्या पत्त्यावर गेली. वाटाघाटींनंतर त्यातील बहुतेक पैसा काही दिवसांत परत आला. पण तो चोराच्या मर्जीने आला, कोणा बँकेच्या वा न्यायालयाच्या हुकमाने नव्हे. या खातेवहीत एकदा लिहिलेले खोडता येत नाही.

म्हणून नावाची ओढ ही केवळ आळसाची ओढ नव्हती. चुकीपासून आणि फसवणुकीपासून माणसाला वाचविण्याची गरज तिच्यामागे होती. महाजालाच्या पूर्वजालाही ही गरज एकदा भासली होती. अमेरिकेतील संगणकांच्या पहिल्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला अंक होता, आणि कोणत्या नावाचा अंक कोणता याची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कार्यालयात राखली जाई. यंत्रे वाढली तशी ती यादी आवाक्याबाहेर गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती अनेक ठिकाणी वाटून देणारी रचना आखली, आणि आज संकेतस्थळांची जी नावे आपण वापरतो ती तिच्यातून आली. वही वाटली गेली खरी. परंतु शेंड्यावर मुख्य नोंद राखणारी संस्था राहिलीच.

या अनुभवाचे सूत्र २००१ मध्ये झूको विल्कॉक्स-ओहर्न या संगणकतज्ज्ञाने सांगितले. नावाचे तीन गुण मानावे: ते माणसाला उमजणारे असावे, त्यात फसगत होऊ नये, आणि ते कोणा एका सत्तेच्या ताब्यात नसावे. यांपैकी दोन एका वेळी साधतात, तिन्ही साधत नाहीत, असे त्याचे म्हणणे. बिटकॉइनचा पत्ता खात्रीचा व स्वतंत्र, पण उमजत नाही. सरकारी नोंदीतील नाव उमजते व खात्रीचे असते, पण ते सत्तेच्या ताब्यात. ज्याने त्याने आपल्या डायरीत लिहिलेले नाव उमजते, स्वतंत्रही असते. पण ते दुसऱ्याच्या डायरीत भलत्याचेच असू शकते.

हा त्रिकोण भेदता येईल असे जानेवारी २०११ मध्ये ॲरन स्वार्त्झ या तरुणाने एका लेखात मांडले. त्याची कल्पना साधी होती. बिटकॉइनची खातेवही जशी कोणाच्याच मालकीची नाही, तशीच नावांची वही करावी; जो प्रथम नाव लिहील त्याचे ते नाव. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेमकॉइन ही अशी वही प्रत्यक्षात अवतरली. तिचे फलित मात्र विचार करावयास लावणारे आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१५ मध्ये तिची पाहणी केली, तेव्हा नोंदलेल्या सुमारे १,२०,००० नावांपैकी केवळ २८ नावे खऱ्याखुऱ्या उपयोगात असल्याचे आढळले. बाकीची बहुतेक अडवून ठेवलेली होती. नवे गाव वसावे आणि घरे बांधणारे येण्यापूर्वीच मोक्याच्या सर्व जागांना कुंपणे पडावी, तसा हा प्रकार झाला. नोंदणारा अधिकारी नसल्यामुळे कोणाची अडवणूक झाली नाही. आणि अडवणूक करणाऱ्यांना अडविणाराही कोणी राहिला नाही.

या धड्याचा उपयोग इथेरियमवरील नामसेवेने केला. निक जॉन्सन यांनी तिची रूपरेषा २०१६ मध्ये मांडली. १४ मार्च २०१७ रोजी ती सुरू झाली, पण लगेच दोष आढळल्यामुळे मागे घ्यावी लागली, आणि ४ मे २०१७ रोजी पुन्हा उघडली. तिची रीत अशी: एका मुख्य नोंदवहीत प्रत्येक नावाचा मालक लिहिलेला असतो, आणि नावामागे सध्या कोणता पत्ता आहे हे सांगणारे दुसरे एक दप्तर असते. पैसा पाठविणारा नाव लिहितो. त्याचे साधन दप्तरातून पत्ता काढून घेते. किल्ली बदलली तर मालक दप्तरातील पत्ता बदलतो, नाव तेच राहते. आरंभी नावांचा लिलाव होई. २०१९ पासून वार्षिक भाडे आले: पाच किंवा अधिक अक्षरांच्या नावास ५ डॉलर, चार अक्षरांच्या नावास १६० आणि तीन अक्षरांच्या नावास ६४० डॉलर असे दर ठरले. अडवून ठेवणाऱ्यावर भाड्याचा भार पडावा, हा हेतू. पण भाडे आले तेथे थकबाकीही आली. भाडे थकले आणि ९० दिवसांची सवलत संपली की ते नाव दुसऱ्याला घेता येते. मग जुन्या मालकाच्या नावाने निघालेला पैसा नव्या मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडू शकतो. आणि पाठविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तर तेच ओळखीचे नाव असते.

आणि या वहीची किल्ली कोणाकडे होती? प्रारंभी मुख्य नोंदीवरील अंतिम अधिकार सात व्यक्तींकडे ठेवण्यात आला होता. त्यांपैकी चौघांचे एकमत झाले म्हणजे बदल करता येई. २०२१ मध्ये मतदानाने चालणारी संस्था स्थापन झाली आणि कारभार तिच्याकडे जाऊ लागला. वही राखणारा दाराबाहेर राहिला नव्हता. तो पंच होऊन घरात आला होता. इतरांनीही आपापल्या परीने हीच वाट धरली. २०१६ मधील स्टीम आणि २०१८ मधील इऑस या चलनांनी खात्यांना मुळातच वाचता येणारी नावे दिली. डॅश या चलनाच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या व्यवस्थेत मोक्याच्या लहान नावांवर एकाहून अधिक दावे आले, तर ठेव राखून जाळे चालविणारे सभासद मताने निवाडा करतात. बिटकॉइनच्या जोडीला चालणाऱ्या लायटनिंग व्यवस्थेत २०२१ मध्ये टपालाच्या ई-पत्त्यासारखी नावे आली. आणि २०२४ मध्ये खुद्द बिटकॉइनसाठी जी नामपद्धती सुचविण्यात आली, ती मोकापेट्रिस यांच्या १९८३ च्या रचनेवरच, तिच्यातील नोंदींना सहीची जोड देऊन, उभी आहे. चाळीस वर्षांचा फेरा घेऊन वाट जुन्या वहीपाशी येऊन मिळाली.

नावाची एक अडचण लिपीतून येते. रोमन लिपीतील ए आणि रशियन लिपीतील ए दिसावयास एकच. यंत्राच्या लेखी ती दोन भिन्न अक्षरे. एक अक्षर बदलून खऱ्या नावाचा तोतया उभा करता येतो. आपली देवनागरीही यातून सुटलेली नाही. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन निराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. यंत्र त्यांना वेगळे समजते. इथेरियमच्या नामसेवेने २०२३ मध्ये नावांना एका ठरीव रूपात आणणारे आणि लिप्यांची सरमिसळ बहुधा नाकारणारे नियम केले, ते अशाच तोतयांना आळा घालण्यासाठी. जुळ्या पत्त्याचा भामटा जुळ्या नावाच्या वेशात परत येतो, एवढाच याचा अर्थ.

भारताने याच प्रश्नाचे उत्तर अगदी वेगळ्या दिशेने शोधले. येथे बँकांतील खात्यांचे अंक लांब, शाखेचा संकेत ११ अक्षरांचा. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले होते की विद्युत्‌मार्गाने आलेली रक्कम केवळ खात्याचा अंक पाहून जमा होईल. नाव लिहिलेले असले तरी ते निर्णायक नाही. अंक चुकला की पैसा तिऱ्हाइताच्या खात्यात. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय सुरू केले, आणि खात्याच्या अंकाऐवजी नाव व त्यापुढे बँकेचे उपनाम असा सुटसुटीत पत्ता लोकांच्या हाती आला. रकमेवर संमती देण्यापूर्वी घेणाऱ्याचे नोंदलेले नाव पडद्यावर दिसते. आरटीजीएस व एनईएफटी या जुन्या मार्गांनाही घेणाऱ्याचे नाव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. येथे वही कोण राखतो हे लपलेले नाही. झूकोच्या तीन गुणांपैकी स्वातंत्र्याचा गुण येथे सरळ सोडून दिला आहे; त्याच्या मोबदल्यात तक्रार कोणाकडे न्यावयाची हे ठाऊक असते. कूटचलनाला भारतात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही, आणि तेथे चुकलेल्या रकमेसाठी ठोठवावयाचे दारही नसते.

एक किंमत अजून सांगावयाची राहिली. नाकामोतो यांच्या निबंधात प्रत्येक व्यवहाराला नवी किल्ली वापरावी असा सल्ला आहे, कारण खातेवही सर्वांना खुली आहे. पत्ते विखुरलेले असले तरच माणसाचा खासगीपणा टिकतो. नाव याच्या नेमके उलट काम करते. ते एका जागी खिळलेले असते. ज्याने आपले नाव दुकानदाराला सांगितले, त्याने त्यामागील पत्त्याची शिल्लक आणि मागील सर्व देणेघेणेही त्याला दाखविले. बँकेतील नाव सांगितल्याने कोणी पासबुक वाचू शकत नाही. येथे मात्र नाव सांगणे म्हणजे पासबुक चव्हाट्यावर मांडणे. या दोषावर उपाय शोधले जात आहेत. नव्या पद्धतींत एकाच नावाला दर वेळी निराळा पत्ता उत्तरादाखल देण्याची योजना आहे. पण तो पत्ता देणारे उत्तर खरे कशावरून, हा पहिल्या दिवसाचा प्रश्न तेथेही उभाच राहतो.

असा हा प्रवास नावापासून अंकाकडे आणि अंकापासून पुन्हा नावाकडे झाला. मधल्या काळात गणिताने मोठे काम केले. किल्ली खरी की खोटी, हे ठरविण्यासाठी आता कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. पण ही किल्ली अमक्याची आहे, हे गणिताला सांगता येत नाही; ते माणसांनीच माणसांना सांगावे लागते आणि कोठेतरी लिहून ठेवावे लागते. हुंडीमागे शहा होता, तारेच्या पत्त्यामागे तारघराची नोंद होती, यूपीआयमागे महामंडळ आहे, आणि कूटचलनाच्या नावामागे आधी सात पंच होते, आता मतदार आहेत. पैसा पाठविताना सोपे नाव अवश्य वापरावे. ते शहाणपणाचेच आहे. मात्र ते लिहिताना एक प्रश्न मनाशी विचारून घ्यावा: या नावाची वही कोणाजवळ आहे, आणि नोंद चुकली तर त्याला जाब विचारता येईल काय? जुन्या पेढीवरचा मुनीम हुंडी हाती घेतल्यावर प्रथम हाच प्रश्न विचारीत असे.